ओढ्यावरचं टर्बाइन : उंची १४ मीटर, वीज मात्र हिशेबाच्या निम्मी. मदत हवी आहे

नमस्कार. घरामागच्या ओढ्यावर छोटं पेल्टन टर्बाइन (वाट्यांवर पाण्याची धार आदळून फिरणारं चाक) बसवलंय. चाक फिरतं, दिवे लागतात, पण हिशेबाइतकी वीज काही मिळत नाही.

वर कुंडी बांधली आहे. तिथून खाली ११० मीटर पाइप, ६३ मिमीचा, आतून ५७ भरतो. उंची पारदर्शक नळीत पाणी भरून टप्प्याटप्प्याने मोजली, १४ मीटर आली. नोझल, म्हणजे धार सोडणारी टोकाची तोटी, २४ मिमीचा. त्याखाली २० लिटरची बादली ४ सेकंदांत भरते, म्हणजे सेकंदाला ५ लिटर. ९.८१ × ५ × १४ केलं की ६८७ वॅट. एवढ्या लहान यंत्रात त्यातले निम्मे हाती लागतात, म्हणून साडेतीनशे धरून चाललो होतो. बॅटरीकडे जाताहेत जेमतेम १६५.

बेअरिंग मोकळं आहे, कुंडीची जाळी दोनदा साफ केली. एकच गोष्ट खटकते. नोझलच्या अलीकडे दाबमापक आहे. कॉक बंद असताना काटा १.४ किलोवर असतो. कॉक उघडला की हळूहळू उतरत ०.७ वर येऊन थांबतो. पाइपात हवा अडकली असेल का? जनित्र बदलावं का? पावसाळ्यानंतर पाणी कमी होत जाणार, त्याआधी हे मार्गी लावायचंय. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद :
जनित्राला हात लावू नका. तुमचा काटाच उत्तर देतोय. एक किलो दाब म्हणजे साधारण १० मीटर उंचीचं पाणी, म्हणून पाणी थांबलेलं असताना १४ मीटर, वाहताना ७. मधले ७ मीटर पाइपाच्या घर्षणात जातात. ५७ मिमीतून ५ लिटर म्हणजे सेकंदाला जवळपास २ मीटर वेग, आणि ११० मीटर लांबीला तो फार झाला. एवढा तोटा हिशेबानेच निघतो, त्यासाठी हवा अडकायची गरज नाही. दुसरं म्हणजे, पेल्टनच्या वाट्यांचा वेग धारेच्या वेगाच्या साधारण निम्मा असावा लागतो. धार मंदावली की चाकही मंद फिरणार.

खरा उपाय मोठा पाइप. प्रवाह तोच ठेवला तर घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताने घटतं, म्हणून ९० मिमीच्या पाइपात हा तोटा मीटर-दीड मीटरवर येईल. पण आधी १६ मिमीचा नोझल लावून बघा. पाणी कमी जाईल, पण घर्षण प्रवाहाच्या वर्गाने उतरतं, त्यामुळे दाब चढेल. जुन्या पाइपातून सगळ्यात जास्त शक्ती मिळते ती एक-तृतीयांश उंची घर्षणात जाते तेव्हा. तुम्ही निम्मी घालवताय.

आणि बॅटरी भरल्यावर जादा वीज कुठे जाते? हीटरसारखा भार जोडलेला हवाच. भार सुटला तर पेल्टन नेहमीच्या जवळजवळ पावणेदोन-दोन पट वेगाने पळतं आणि व्होल्टेजही तसंच चढतं. हे आधी करा, बाकी नंतर.

प्रश्नकर्ता :
मनापासून आभार. पाणी तापवायचा हीटर आधी जोडला, मग आज सकाळी १६ मिमीचा नोझल बसवला. काटा १.१५ वर थांबला. बादली भरायला पावणेसात सेकंद लागले, म्हणजे पाणी ५ वरून ३ लिटरवर आलं, आणि वीज १६५ वरून १८० वॅट! चाकाचा आवाजही बदललाय, एकसारखा, चढा. आता २० मिमीचा नोझल करून घेतो. ९० चा पाइप घालायचा तर वळणावरचे दोन बेंडही काढून सरळ ओळ धरावी का?