कॅडी: शब्द एक नव्हे, दोन
गोल्फचा कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारा मदतनीस, आणि चहाची कॅडी, म्हणजे चहापत्तीचा डबा, हे दोन्ही शब्द ‘ओझे वाहणे’ या एकाच अर्थातून निघाले, असे एक मत आहे, पण ते मला पटत नाही. पहिला शब्द फ्रेंच ‘कादे’, म्हणजे धाकटा मुलगा, यावरून स्कॉटलंडमार्गे आला आणि १८व्या शतकात एडिनबरोतील निरोप्या-हरकाम्यांना तो लावला जाई. दुसरा मात्र मलय ‘काटी’वरून आला, काटी हे सुमारे ६०० ग्रॅमचे वजन. वजनाचे नाव डब्याला मिळाले, यात मला नवल वाटत नाही, कारण आपले मापटे आणि चिपटे ही मापेही आहेत व भांडीही.

सोलापुरात हा शब्द मी प्रथम ऐकला तो लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात: डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी एसएसडी (माहिती साठवणारे उपकरण) बसवण्याची चौकट, तीही कॅडीच. ती ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडींत मिळते, म्हणून जुना ड्राइव्ह मोजूनच घ्यावी.