एक कडक कलेक्टर द्या म्हणे!

निवृत्त अव्वल कारकून:
काल इथं एकानं लिहिलं, "एक कडक कलेक्टर द्या, सहा महिन्यांत कार्यालय सुतासारखं सरळ." वाचून डोकं उठलं. ऐंशीच्या दशकात नगरचे कलेक्टर लखिनासाहेबांनी तिथं जे केलं ते दरडावून नाही. सहा गठ्ठे पद्धत लावली, म्हणजे कामाच्या टप्प्याप्रमाणे कागदांचे सहा गठ्ठे; अभिलेख कक्ष लावला. कुठला कागद कुठं, हे शिपायालाही सांगता येऊ लागलं. पुढं साहेब बदलले, की गठ्ठ्यांवर धूळ. 2005 च्या बदल्या आणि दिरंगाईच्या कायद्यात एका जागी तीन वर्षांचा कार्यकाळ आहे. पाळतं कोण?

हेलपाटा:
काका, त्याच कायद्यात फाईल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये असंही आहे. ते कलम गठ्ठ्यात गेलं वाटतं?

बांधावरची:
सातबारा 15 रुपयांत मोबाईलवर मिळतो, मान्य. पण आमच्या सातबाऱ्यावर आजीचं नाव चुकलंय, त्याच्या दुरुस्तीला जमीन महसूल कायद्याच्या कलम 155 खाली तहसीलच गाठावं लागतं. शुक्रवारी गेले तर "साहेब मीटिंगला, सोमवारी या." शनिवारी तुमची सुट्टी!

निवृत्त अव्वल कारकून:
शनिवारची सुट्टी फुकट नाही मिळाली. फेब्रुवारी 2020 पासून रोज 45 मिनिटं वाढलीत. सव्वासहापर्यंत बसतात माणसं.

हेलपाटा:
सव्वासहा? आमच्याकडं पाचच्या एसटीत निम्मं कार्यालय असतं!

सजा क्र. 4:
मी तलाठी. आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पगार तोच. माझ्याकडं आणखी दोन सजांचा (सजा म्हणजे एका तलाठ्याकडची गावं) जादा कार्यभार, वर पंचनामे, निवडणूक, शेतकऱ्यांची ॲग्रिस्टॅक नोंदणी. शनिवार-रविवारही शेतातच. एसटीचं नाव काढू नका.

बांधावरची:
मग सेवा हक्क कायदा कशाला केला 2015 साली? मुदतीत काम केलं नाही तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे ना?

हेलपाटा:
पहिलं अपील त्याच खात्यात, दुसरंही त्याच खात्यात. सेवा हक्क आयोग तिसऱ्या अपिलाला. शिवाय मुदत संपत आली की 'त्रुटी' काढून अर्ज परत, म्हणजे घड्याळ पुन्हा शून्यावर. दंड लागायचा कुणाला?

निवृत्त अव्वल कारकून:
त्रुटीचं खरं आहे. आमच्या काळीही व्हायचं. म्हणूनच म्हणतो, सगळ्या त्रुटी एकदाच, लेखी काढायचं बंधन घाला. कडक साहेब नको, हे एवढं करा.

हेलपाटा:
वा! निवृत्तीनंतर सुचलं. सेवेत असताना एवढी एक टिपणी तरी ठेवायचीत.

सजा क्र. 4:
ठेवली असती तर ती पण सात दिवसांत हलली नसती.

बांधावरची:
आणि शनिवारी आमचं काम कोण करणार, ते कुणीच बोललं नाही.