तीन मिनिटांचे व्हिडिओ आणि प्रेसवरचा हात: प्रशिक्षणाचे तुकडे पाडायचे कुठे?

(एक चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

प्रेसशॉपवाला

मी गेली चौदा वर्षे भोसरी आणि चाकण परिसरातील कारखान्यांत सुरक्षा-प्रशिक्षण देतो. अलीकडे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच मागणी ऐकू येते: आजच्या मुलांचे लक्ष टिकत नाही, तेव्हा तुमचा चार तासांचा वर्ग मोडून तीन-तीन मिनिटांचे व्हिडिओ करून द्या. एका कारखान्याने (नाव सांगण्याची गरज नाही) पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवरच्या माझ्याच वर्गाचे असे अठ्ठावीस व्हिडिओ केले. कामगारांनी ते मोबाइलवर पाहिले, प्रत्येकाच्या शेवटचा प्रश्न सोडवला आणि सर्वांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी शॉपफ्लोअरवर गेलो, तर एक मुलगा अडकलेला पत्रा काढायला डायमध्ये (प्रेसच्या साच्यात) हात घालत होता; मोटर चालू होती आणि पाय पेडलवर होता. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील (प्रेसचे जड चाक) काही वेळ फिरत राहते आणि त्या उरलेल्या गतीवरही स्ट्रोक, म्हणजे प्रेसचा दाब, बसू शकतो, हे त्याने अकराव्या व्हिडिओत पाहिले होते. पेडलवरून पाय काढायचा, हे सतराव्यात होते. दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्याने बरोबर दिली होती.

माझे म्हणणे असे की, प्रशिक्षणाचे तुकडे घड्याळ पाहून पाडू नयेत, कामाचे सांधे पाहून पाडावेत. पत्रा अडकला तर काय करायचे, ही एक सलग कृती आहे. ती दोन व्हिडिओंत चिरली की तिचा जीव जातो.

राहिला लक्षाचा प्रश्न. व्यवस्थापकांच्या बैठकीत माणसाचे लक्ष आठ सेकंद टिकते आणि सोनमाशाचे नऊ, असे अजूनही गंभीर चेहऱ्याने सांगितले जाते. हा आकडा २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातील शाखेच्या एका विपणन-अहवालामुळे जगभर पसरला. त्या अहवालाने तो एका आकडेवारीच्या संकेतस्थळावरून उचलला होता आणि पुढे पत्रकारांनी शोध घेतला तेव्हा त्यामागे संशोधन असे काही हाती लागले नाही. ज्याचे लक्ष खरोखर आठ सेकंदच टिकते, त्याची बोटे प्रेसवर एक पाळीही शाबूत राहणार नाहीत.

मधली सुट्टी

आपला राग समजतो, पण आपण मोजमाप चुकीच्या ठिकाणी लावत आहात असे मला वाटते. मी सहकारी बँकांच्या शाखांसाठी प्रशिक्षण-साहित्य तयार करते. आठ सेकंदांची गोष्ट खोटी आहे हे मान्य. पण तेवढ्याने चार तासांचा वर्ग खरा ठरत नाही. त्या वर्गाचे खरे रूप आपण दोघांनीही पाहिले आहे: हजेरीपटावर सही, चहा-बिस्किटे, पडद्यावर सत्तर स्लाइड आणि साडेतीननंतर मागच्या दोन रांगांत लागलेली डुलकी. त्या वर्गानंतर पंधरा दिवसांनी आपण प्रेसपाशी जाऊन किती वेळा पाहिले होते?

शिवाय संशोधन सगळेच आपल्या बाजूने नाही. मानसशास्त्रज्ञ ग्लोरिया मार्क यांनी कार्यालयातील माणसे एका पडद्यावर किती वेळ थांबतात हे मोजले, तेव्हा २००४ च्या सुमारास ती सरासरी अडीच मिनिटे होती. अलीकडच्या मोजणीत ती ४७ सेकंदांवर आली. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील अभ्यासक्रमांतील ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो पाहण्याचा मध्यक कालावधी सहा मिनिटांच्या पलीकडे गेला नाही. शाखेतला रोखपाल काउंटर सोडून दोन तास बसू शकत नाही. त्याला मी सकाळी व्यवहार सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटांत संशयास्पद व्यवहाराचे एकच उदाहरण देते, आठवड्याने त्याच धर्तीचे दुसरे देते आणि महिन्याने पुन्हा विचारते. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले होते की, शिकलेल्यातले बरेचसे पहिल्या दिवसातच निसटते आणि अंतराअंतराने केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते. माझे छोटे धडे त्याच पायावर उभे आहेत. आपल्या कारखान्याने व्हिडिओ वाईट कापले, म्हणून कापणेच वाईट ठरत नाही.

निवृत्त निदेशक

दोघांचेही वाचले आणि दोघांशीही असहमत आहे.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक होतो. सुरुवातीचे कित्येक आठवडे आम्ही मुलांच्या हातात कानस आणि लोखंडाचा ठोकळा देत असू. पृष्ठभाग सपाट करायचा, काटकोन जुळवायचा, ट्राय-स्क्वेअर (काटकोन तपासायचे साधन) लावून उजेडाकडे धरायचा, फट दिसली की पुन्हा घासायचे. पहिल्या आठवड्यात मुले कंटाळत, खिडकीबाहेर पाहत, पाणी प्यायला जात. तिसऱ्या आठवड्यात तीच मुले जेवणाची घंटा झालेली विसरत. लक्ष हे मुलाने घरून डब्यासारखे आणायचे नसते, ते कामावर घडते. आपण त्याला घडायला अवधीच दिला नाही आणि प्रत्येक गोष्ट पाच मिनिटांच्या घोटात पाजली, तर पुढे दोनशे भागांची जुळणी करताना त्याचे लक्ष टिकावे अशी अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

मधली सुट्टी

सर, आपल्याकडे त्या मुलांसाठी दोन वर्षे होती. ठेकेदाराने सोमवारी आणलेला हेल्पर मंगळवारी मशीनवर उभा असतो आणि दिवाळीला गावी गेला की बहुधा परत येत नाही. त्याला कानस घासायला लावणे ही आदर्श गोष्ट आहे, पण ती आज कोणीही करणार नाही. आपण कानसेचे गुणगान करत असतो, तेवढ्यात त्याच्यापर्यंत काहीच पोहोचलेले नसते.

वॉर्ड नंबर सात

मी परिचारिका आहे आणि शस्त्रक्रियागृहात नव्याने येणाऱ्यांना तयार करणे हे माझे काम आहे. आमच्याकडे ‘छोटे’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया-सुरक्षा सूची २००८ साली आली. तिच्यात १९ बाबी आहेत, पण त्या सलग वाचायच्या नसतात. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी अशा तीन थांब्यांवर त्या विभागलेल्या आहेत. हे थांबे लक्ष किती मिनिटे टिकते त्यावरून ठरलेले नाहीत. चूक झाली तर तिथून मागे फिरता येणार नाही, अशा उंबऱ्यांवर ते आहेत. प्रेसशॉपवाले ज्यांना कामाचे सांधे म्हणतात, ते बहुधा हेच.

मात्र एक सावधगिरी. आठ देशांतील आठ रुग्णालयांत ही सूची वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले आणि सर्वत्र सूची लागू करण्याची लाट आली. पुढे कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ साली आला, त्यात मृत्यूंत लक्षणीय घट दिसलीच नाही. कागद तोच होता. माझ्या अनुभवाने सांगायचे तर, खुणा करून फाईलला लावायची सूची आणि थांबून मोठ्याने बोलायची सूची या दोन वेगळ्याच वस्तू आहेत. त्यामुळे तीन मिनिटे की तीन तास, या वादात मला फार रस वाटत नाही. शिकणारा त्या वेळात काय करतो, बोलतो का, हात चालवतो का, एवढेच मी पाहते.

प्रेसशॉपवाला

वॉर्ड नंबर सात, आपले उंबऱ्याचे उदाहरण मी उसने घेत आहे.

मधली सुट्टी, आपला पहिला प्रश्न लागला. जुन्या वर्गानंतर मी शॉपफ्लोअरवर क्वचितच गेलो, हे खरे. परंतु एडएक्सचा आकडा आपण वापरता तो माणूस पडद्यासमोर एकटा असतानाचा आहे. त्यावरून त्याच्या लक्षाची मर्यादा ठरत नाही, पडद्याची ठरते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारवर बसणाऱ्या तरबेज सैनिकांच्या नजरेतूनही खुणा सुटू लागल्या, तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने घड्याळाच्या काट्यासारखे एक यंत्र करून तपासले (निष्कर्ष १९४८ साली आले) आणि पहिल्या अर्ध्या तासातच अचूकता घसरते असे त्याला दिसले. ती माणसे मोबाइलच्या पिढीतली नव्हती. जिथे करण्यासारखे काही नसते आणि फक्त बघत राहायचे असते, तिथे कोणाचेही लक्ष ढळते. माझ्या सत्तर स्लाइडही त्यातच आल्या, हे मी मान्य करतो.

त्याच युद्धात अमेरिकेतील कारखान्यांना नवख्या माणसांना लवकर कामाला लावायचे होते, म्हणून तेथे ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा कार्यक्रम निघाला. पुढे जपानने, विशेषतः टोयोटाने, तो मनावर घेतला. त्याची कामाचे शिक्षण देण्याची रीत चार पायऱ्यांची आहे: शिकणाऱ्याला तयार करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या आणि नंतर जाऊन पाहा. करवून घेताना त्याने प्रत्येक टप्प्यातली महत्त्वाची खूण आणि तिचे कारण स्वतःच्या तोंडाने सांगायचे. एका बैठकीला अर्धा तासही लागत नाही, म्हणजे धडा छोटाच असतो. पण तो एका पुऱ्या कृतीएवढा असतो. माझा आक्षेप आपल्या पाच मिनिटांवर नाही. ज्या तुकड्याने एकही काम पुरे होत नाही, त्या तुकड्यावर आहे.

मधली सुट्टी

मग आपले भांडण अर्धेच उरले. उरलेले अर्धे असे की, चौथी पायरी, म्हणजे नंतर जाऊन पाहणे, ही आपल्या पद्धतीत एका माणसाच्या पायांवर अवलंबून आहे. तीनशे कामगारांना आपण एकटे पुरणार नाही. माझे विचारणे महिन्याने आपोआप होते. आपल्या डोळ्यांइतके ते खोल नाही, पण ते होते तरी.

दुसरी पाळी

मी प्रेस ऑपरेटर आहे. असल्या चर्चेत सहसा लिहीत नाही, पण राहवले नाही म्हणून लिहितो.

आमचे प्रशिक्षण नेहमी रात्रपाळी संपल्यावर सकाळी असते. सात वाजता मशीन सोडलेला माणूस साडेसातला खुर्चीत बसवला, तर तो झोपणारच. त्याला आपण कमी लक्ष म्हणता. आता ते व्हिडिओ आले, ते घरी, स्वतःच्या मोबाइलवर पाहायचे असतात आणि तो वेळ पाळीत धरत नाहीत. मुले एक व्हिडिओ चालू करून मोबाइल उशाशी ठेवतात आणि उत्तरे ग्रुपवर येतात. पैकीच्या पैकी गुण असे पडतात.

प्रेसशॉपवाले साहेब, त्या मुलाने हात का घातला, हे आपण त्याला विचारले का? आपण दोघेही त्याला कसे शिकवायचे यावर बोलत आहात. आमच्याकडे तासाला किती नग पडले ते फळ्यावर लिहितात. मोटर बंद करून फ्लायव्हील थांबेपर्यंत थांबायचे म्हटले तर नग कमी पडतात आणि पाळीच्या शेवटी आम्हालाच उभे करतात. पत्रा काढायला चिमटा असतो, तो जवळ नसतो. हे कोणाला शिकवायचे बाकी नाही.

निवृत्त निदेशक

शाब्बास. प्रशिक्षणाचा तास पाळीत धरला जावा, हे मागताना १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात आलेल्या कलम १११-अ ची आठवण द्या; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. सुरक्षेचे प्रशिक्षण कारखान्यातच मिळणे, आणि कारखान्यात शक्य नसेल तिथे मालकाने पुरस्कृत करून अन्यत्र मिळणे, हा कामगाराचा हक्क म्हणून त्या कलमात लिहिले होते. घरच्या उशाशी असे त्यात कुठेही नव्हते.

प्रेसशॉपवाला

दुसरी पाळी, मी विचारले नव्हते. त्याला ओरडलो, सुपरवायझरला बोलावले आणि अहवाल लिहिला.

काल जाऊन विचारले. चुंबकी चिमटा चार प्रेसमध्ये एक आहे, तो टूलरूममध्ये सहीवर मिळतो आणि दुसऱ्या पाळीत टूलरूमला कुलूप असते. तो मुलगा दुसऱ्याच पाळीत आहे. अठ्ठावीस व्हिडिओंपैकी नऊमध्ये चिमटा वापरा असे सांगितले आहे, आणि त्या नऊही ठिकाणी आवाज माझाच आहे. प्रत्येक प्रेसला साखळीने बांधलेला एकेक चिमटा द्यावा, असे लेखी देऊन आलो आहे. अडकलेला पत्रा काढण्याचा धडा पुढच्या आठवड्यापासून दोन-दोन माणसांना, पाळीच्या वेळात, मशीनपाशी घेऊ द्यावा, असेही त्याच कागदावर लिहिले आहे. व्यवस्थापकांनी पहिल्यावर सही केली. दुसऱ्यावर पाहू म्हणाले.