काडेपेटी आणि सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब
'प्रायोजक आणि किट मिळाल्याशिवाय गावच्या शाळेत सर्जनशील उपक्रम टिकत नाहीत' असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. शिकवणाऱ्याला वेळ हवा, हे खरं. पण किट?

साध्या वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता आधी पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) इंजिनिअर होते. १९७८ मध्ये ते रजा घेऊन मध्य प्रदेशात, शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवणाऱ्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले आणि तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांचे काडेपेटीतल्या काड्यांचे नमुने तयार झाले. सायकलच्या दुकानातली बारीक काळी व्हॉल्व्ह-ट्यूब बोटाच्या पेराएवढी कापायची आणि गूल खरवडलेल्या काड्या तिच्या दोन्ही टोकांत खुपसायच्या, की झाला सांधा. आमच्या वस्तीवर रविवारी मुलांना घेऊन मी हेच करते. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावताच तिरका होतो. पाचवीतल्या एका मुलीने दोन्ही करून पाहिले, मग मान वर करून छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याकडे, म्हणजे कैचीकडे, बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, म्हणून कैची अशी असते होय!" तिचे वडील सुतार आहेत. पुढच्या रविवारी तेच आले, मुलांना कैचीची जोडणी समजावून द्यायला, आणि आता अधूनमधून येतात. एवढ्या सगळ्याला लागली एक काडेपेटी आणि हातभर नळी.

गुप्तांची पुस्तकं आणि खेळण्यांचे व्हिडिओ त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, मराठीतही. सुरुवात या सांध्यापासूनच करा. फक्त ट्यूब ताजी घ्या, जुनी चिरते.