मदत हवी आहे: ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन – विमानाचं अंतर किती, वेळ किती धरावा?

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून स्वालबार्डला, म्हणजे लाँगइयरब्येन ज्या आर्क्टिक बेटांवर आहे तिथे, जायचं आहे. एक कॅल्क्युलेटर 958 किमी सांगतो, दुसरा 961. मोबाइलच्या नकाशावर मात्र हे अंतर मुंबई-दिल्लीच्या जवळजवळ तिप्पट दिसतं! वेळ कशावरून काढायचा? आणि ऑस्लोहून येणारं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर मध्ये किती वेळ ठेवावा?

अक्षांशवेडा:
दोन्ही आकडे बरोबर आहेत. पृथ्वी 6371 किमी त्रिज्येचा गोल धरली की 958 येतात, ध्रुवांकडे चपटी धरली की 961. नकाशावर विसंबू नका. तो मर्केटर पद्धतीचा असतो, 70 अंश अक्षांशावर (ट्रॉम्सो) सगळं जवळपास तिप्पट ताणतो आणि 78 वर (लाँगइयरब्येन) पाचपटीच्या आसपास. मुंबई-दिल्ली खरं तर याहून लांब आहे, साधारण 1140 किमी.

धावपट्टी:
वेळेसाठी ढोबळ हिशेब: अंतर भागिले ताशी 800 किमी, अधिक अर्धा तास. म्हणजे 1 तास 42 मिनिटं. वेळापत्रकातही साधारण एवढाच वेळ दिसेल. तो विमानतळाच्या गेटपासून गेटपर्यंतचा असतो, नुसत्या उडण्याचा नाही. समोरून ताशी 90 किमी वारा असला तर आठ-नऊ मिनिटं वाढतात. विमान दक्षिणेकडून येतं, पण लाँगइयरब्येनची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम, एका बाजूला फ्योर्ड (समुद्राची अरुंद खाडी) आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. त्यामुळे शेवटी वळसा घ्यावा लागतो, त्यात काही मिनिटं जातात.

खरा घोळ हवेत नाही, ट्रॉम्सोत आहे. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्राच्या) बाहेर, त्यामुळे ट्रॉम्सोतच पासपोर्ट तपासणी होते. ऑस्लोहून त्याच विमानाने पुढे जाणाऱ्यांनाही हातातलं सामान घेऊन उतरावं लागतं. तिकिटं वेगळी असतील तर तीन तास तरी ठेवा. पहिलं विमान लेट होऊन पुढचं चुकलं, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही.

अक्षांशवेडा:
भारतीय पासपोर्टवाल्यांनी आणखी एक बघावं. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण परतताना तुम्ही शेंगेनमध्ये नव्याने शिरता. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तिकडे गेल्यावर तो संपला! किमान दोन प्रवेशांचा घ्या. घड्याळ बदलायची गरज नाही, वेळ नॉर्वेचीच.

प्रश्नकर्ता:
आभार! तिथून पुढे न्यू-ओलेसुंदला, म्हणजे भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे तिथे, जाता येतं का?

धावपट्टी:
सरळ रेषेत साधारण 110 किमी, छोट्या विमानाने अर्ध्या तासाच्या आत. पण ती जागा प्रामुख्याने संशोधकांची, विमानातल्या जागाही मोजक्या आणि सामानाच्या वजनाची मर्यादा कडक. धुकं असलं तर उड्डाण लांबतं, म्हणून परतीचं ट्रॉम्सोचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका.