मूल्यमापन करणाऱ्याने प्रशिक्षणार्थ्याकडून शिकावे कसे?

प्रश्न
मी निवासी डॉक्टरांना शिकवतो. अलीकडे धाप लागलेल्या एका वृद्ध रुग्णाला तपासून मी दम्याचे निदान केले आणि पुढच्या खाटेकडे वळलो. तेवढ्यात दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने रुग्णाच्या छातीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला आणि दोन्ही बाजूंना वरून खाली उतरणाऱ्या पांढऱ्या रेषा मला दाखवल्या. फुप्फुसांत पाणी साचले होते. उपचार तिथेच बदलावे लागले. माझ्या शिक्षणकाळात वॉर्डात हे तंत्र नव्हते आणि ते तिच्याकडून शिकण्याची माझी मनापासून इच्छा आहे. परंतु तिचा मूल्यमापन अहवाल मीच लिहितो. अशा नात्यात दोघांनी एकमेकांकडून शिकणे खरोखर शक्य आहे का?

उत्तर १
शक्य आहे, मात्र सुरुवात ज्येष्ठानेच करायला हवी. मी राउंडमध्ये माझे मत सर्वांत शेवटी सांगतो, कारण ते आधी कळले की बाकीचे त्यालाच दुजोरा देतात.

उत्तर २
मी स्वतः निवासी डॉक्टर आहे. एकदा मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णासाठी सांगितलेली मात्रा मला जास्त वाटली, तरी मी “सर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पुन्हा पाहू का?” एवढेच विचारू शकलो. त्या आडून विचारलेल्या प्रश्नामागे एक ठाम शंका होती. आदल्या आठवड्यात शंका काढणाऱ्या सहकाऱ्याला सर्वांसमोर बोलणी बसली होती, हे मी विसरलो नव्हतो. “विचारा, संकोच करू नका” असे किती वेळा सांगितले जाते यापेक्षा, विचारल्यावर पुढे काय घडते तेच आमच्या लक्षात राहते.

उत्तर ३
जे मॅक्लीन नावाचे वैद्यकीय विद्यार्थी शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत रक्त गोठवणाऱ्या पदार्थाचा अभ्यास करत होते. 1916 मध्ये त्यांच्या हाती लागला तो गोठणे रोखणारा पदार्थ. हॉवेल यांनी पुढे त्याच दिशेने संशोधन चालवले आणि त्यातून हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा मार्ग खुला झाला. अपेक्षेविरुद्ध आलेले निरीक्षण विद्यार्थ्याचे आहे म्हणून बाजूला पडले नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्या प्रसंगात मात्र मूल्यमापनाचा गुंता सोडवल्याशिवाय मोकळेपणा येणार नाही, असे मला वाटते.

प्रश्नकर्ता
तिचा या सत्राचा अहवाल दुसऱ्या सहकाऱ्याने लिहावा, अशी विनंती मी विभागाला केली आहे. दर गुरुवारी राउंड संपल्यावर ती मला प्रोब कसा धरायचा ते दाखवणार आहे. त्या वृद्ध रुग्णाच्या बाबतीत माझे निदान कुठे चुकले, हे मी पुढच्या केस-चर्चेत स्वतः मांडणार आहे.