बी.कॉम. झालं, आता सुरुवात कुठून करू?

विक्रोळीकर_मुलगी
नमस्कार. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला. मुंबई विद्यापीठ, बी.कॉम., 58 टक्के. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर आहेत, दोन वर्षांत निवृत्त होतील. ते म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. मैत्रीण 65 हजारांच्या डिजिटल मार्केटिंगच्या क्लासला बोलावते आहे, 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणून. एवढी रक्कम भरायची तर आईची पाटली मोडावी लागेल. कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

परळची_ताई
पाटली मोडू नकोस, बाळा. क्लास कुठे पळून जात नाही.

आधी कागद गोळा कर. सगळ्या गुणपत्रिका, पासिंग सर्टिफिकेट, कॉलेज सोडल्याचा दाखला. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर येतं, तोवर बहुतेक ठिकाणी पासिंग सर्टिफिकेटवर भागतं. मग दहावी, बारावी, पदवी आणि आधार शेजारी-शेजारी मांडून नावातलं एकेक अक्षर बोट ठेवून वाच. माझ्या पदवीच्या गुणपत्रिकेवर बाबांच्या 'दत्तात्रय'च्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक 'ए' गळला होता. मला पत्ताच नाही. नोकरीच्या वेळी कागदपत्रं तपासणाऱ्या बाईंनी पेन्सिलीने त्यावर गोल केला आणि माझे हातपाय गार पडले. प्रतिज्ञापत्रावर निभावलं, पण दुरुस्तीसाठी कॉलेज आणि कालिन्याचं विद्यापीठ मिळून चार रजा गेल्या. आज ऑफिसातले क्लार्क तुला चेहऱ्याने ओळखतात, तेव्हा हे आत्ताच उरकून घे.

दुसरं, एनएटीएस म्हणजे केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवार योजनेच्या पोर्टलवर अप्रेंटिस म्हणून नाव नोंदव. इंजिनिअरच लागतो असं नाही, बी.कॉम.वाल्यांनाही चालतं. सरकारी बँका पदवीधर अप्रेंटिस घेतात, तिथे ही नोंदणी मागतात. साधारण एक वर्षाचं काम, दरमहा विद्यावेतन, शेवटी प्रमाणपत्र. पुढे नोकरी देण्याचं बंधन त्यांच्यावर नसतं, हे घरी आधीच सांगून ठेव. पण काउंटरवर वर्षभर काम केलेली मुलगी मुलाखतीत वेगळी बोलते, हे मी माझ्या भाचीत पाहिलंय.

बँकवाला_ठाणे
बाबांचं म्हणणं मोडीत काढू नका. आयबीपीएस, म्हणजे सरकारी बँकांच्या भरती परीक्षेत, क्लार्कला वयाची अट 20 ते 28, पीओला (प्रोबेशनरी ऑफिसर) 20 ते 30, राखीव प्रवर्गाला सवलत आहे. म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. क्लार्कच्या पूर्वपरीक्षेत 60 मिनिटांत 100 प्रश्न: इंग्रजी, गणित, रिझनिंग. प्रत्येक भागाला स्वतंत्र 20 मिनिटं, त्यामुळे गणितात वाचवलेला वेळ इंग्रजीला देता येत नाही. मुलं इथेच गडबडतात. रोज घड्याळ लावून एक पेपर सोडवा. शिवाय क्लार्कसाठी राज्याची भाषा यावी लागते. महाराष्ट्रातून अर्ज भरला तर आपली मराठी कामाला येते.

सीए_होणार
58 टक्के आहेत ना? मग सीएचाही विचार कर. कॉमर्स पदवीला 55 टक्के असले की फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट पुढच्या, इंटरमिजिएटला नोंदणी होते. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता दोन वर्षांची आहे, पण स्टायपेंड तुटपुंजा. घरचं गणित मांडून मगच उतर.

परळची_ताई
एक राहिलंच. नोकरी लावण्यासाठी कुणी पैसे मागितले की तिथूनच उठून ये. मला अंधेरीतल्या एका कन्सल्टन्सीने 'फाइल चार्ज' म्हणून 3,000 मागितले होते आणि मी दिले. पुढे फोन उचलला नाही कुणी. आणि ऑफर लेटर आलं की आधी बघ, नाव कंपनीचं आहे की थर्ड पार्टीचं, आणि पीएफ कापणार का.

विक्रोळीकर_मुलगी
ताई, आत्ता सगळे कागद जमिनीवर पसरले. बारावीवर आईच्या 'सुनीता'त 'आय' आहे, पदवीवर 'डबल ई'. उद्या ऑफिस उघडताच कॉलेजात जाते. क्लासला नाही म्हणून मैत्रिणीला कळवलं. आईला सांगितलं, तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त पाटली मनगटावर फिरवत बसली.